मायच्या मापाची खोली

मांजरसुंब्याच्या चौकात पुण्याची एसटी यायची होती, दुपारचे बारा वाजत आले होते. त्या वर्षी आमचा वाडा, म्हणजे मेंढरांमागचा आमचा मुक्काम, बालाघाटाच्या माळावर पडला होता. उमापूरच्या घराला कुलूप होतं. वडलांना, अण्णांना, मेंढरं सोडून येता येईना आणि धाकटा भाऊ भागवत त्यांच्या हाताखाली, म्हणून मला लावून द्यायला माय एकटीच दोन तास चालत माझ्याबरोबर आली होती. ढाब्यावर आम्ही चहा सांगितला. बाहेर चार-पाच खुर्च्या रिकाम्या होत्या. मी एकीवर बसले. माय खाली, माझ्या पायाशी, बाभळीच्या सावलीत बसली.

"वर बस की," मी म्हटलं.

"मला हितंच बरं हाय."

बस आली. मी आत जाऊन जागा धरली तेव्हा ती खिडकीखाली येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मनी, तितं खाली बसू नको. लोक हसतेत."

एवढंच बोलली. रडली नाही. बस हलायच्या आधीच पाठ फिरवून चालायला लागली, कारण अण्णांची आणि भागवतची भाकरी तिच्याजवळ होती आणि तिला उशीर झाला होता. ढाब्यामागच्या पायवाटेनं ती चढून जाताना मी बघत राहिले. मला तेव्हा थोडा रागच आला होता. बाकीच्यांच्या आया बस दिसेनाशी होईपर्यंत उभ्या राहतात, असं मी ऐकलं होतं.

हे मी भागवत आणि त्याची बायको सुरेखा यांच्यासाठी लिहिते आहे, कारण त्या दोघांना समोर बसवून हे बोलायला मला जमलेलं नाही. आणि माझ्याबरोबर वसतिगृहात राहिलेल्या मुलींसाठीही, ज्या आता कुठल्या कुठल्या शहरात आहेत आणि ज्यांच्या आया अजून आहेत.

बारावीपर्यंत मी अंबाजोगाईला शिकले. तिथल्या चित्रकलेच्या बाईंनी 'इंटिरियर डिझाइन' हा शब्द मला पहिल्यांदा सांगितला. घराच्या आतलं रचायचं शास्त्र. मला घराच्या आतलं फारसं काही ठाऊकच नव्हतं, कदाचित म्हणूनच त्याची ओढ लागली. आमचं वर्षातलं निम्मं आयुष्य दुसऱ्यांच्या शेतात जायचं. आज इथं, चार दिवसांनी पुढच्या गावात. मेंढरांभोवती जाळी, तीन दगडांची चूल, वर कधी ताडपत्री तर कधी नुसतं आभाळ. माय एका तासात घर मांडायची आणि अर्ध्या तासात उचलायची. पाणी कुठं ठेवायचं, वारा कुठून येतो, चुलीचा धूर कुणाच्या तोंडावर जाणार नाही, हे ती जमिनीकडं एकदा बघून ठरवायची. त्याला शास्त्र म्हणतात हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मलाही नाही.

पुण्याच्या कॉलेजात पहिल्या महिन्यात सरांनी काम दिलं: तुमच्या लहानपणीच्या खोलीचा नकाशा काढा. वर्गातल्या मुली माना खाली घालून काढायला लागल्या. मी कोरा कागद घेऊन बसले. मग शेजारच्या मुलीनं आदल्या दिवशी तिच्या खोलीचं वर्णन केलं होतं, ते मी काढलं. पलंग, अभ्यासाचं टेबल, निळा पडदा, खिडकीत कुंडी. सरांना ते इतकं आवडलं की त्यांनी कागद भिंतीला लावला. दोन आठवडे तो तिथं होता. मी त्याच्या समोरून जाताना मान वळवायची.

शिकले, नोकरी लागली. बिल्डरांचे सॅम्पल फ्लॅट करणाऱ्या ऑफिसात पाच वर्षं काढली. सॅम्पल फ्लॅटमध्ये कुणी राहत नाही, त्यामुळे तो कधी चुकत नाही. चकचकीत फरशी, काचेची पार्टिशनं, कोपऱ्यात लपवलेले दिवे. मी त्यात हुशार झाले. धायरीला जुन्या इमारतीत वन बीएचके घेतला तेव्हा तो मी स्वतः केला. राखाडी, आरशासारख्या टाइल्स. न्हाणीला काचेचं दार. स्वयंपाकघराचा ओटा उंच, उभ्यानं काम करण्यासारखा. ऑफिसातले सगळे बघायला आले. फोटो काढले. मी भागवतच्या मोबाइलवर ते पाठवले, तेव्हा अण्णांनी विचारलं होतं म्हणे, "हे दवाखान्यासारखं कावून केलंय तिनं?" भागवतनं ते मला हसत हसत सांगितलं. मीही हसले होते.

अण्णा गेले ते साध्या तापानं. माळावरून घरी आणेपर्यंत उशीर झाला. भागवतनं त्यानंतर मेंढरं निम्मी केली आणि लांबचे मुक्काम सोडले. सकाळी गावाच्या शिवारात न्यायची, संध्याकाळी घरामागच्या कुंपणात आणायची. माय रिकामी झाली. चाळीस वर्षं रोज चाललेली बाई दारात बसून राहायला लागली. मी म्हटलं, मी नेते तिला. भागवत म्हणाला, "आक्का, तिला तितं करमंल का?" मला ते लागलं. मला वाटलं, माझं घर बघितलं तर का नाही करमणार.

माय पुण्याला पाच महिने राहिली. तिनं कुठल्याच गोष्टीला नाव ठेवलं नाही. ओटा तिच्या छातीशी येत होता, तरी ती टाचा उंचावून भाकरी थापायची. सोफ्यावर तिचे पाय अधांतरी राहायचे. मी ऑफिसातून आले की ती मुख्य दाराजवळ, चपलांच्या कपाटाला टेकून जमिनीवर बसलेली दिसायची.

"माय, सोफा कशाला घेतलाय? वर बस ना."

ती लगेच उठून सोफ्यावर बसायची. मी आत गेले की पुन्हा खाली. हे मी किती वेळा केलं असेल. ती तिथंच का बसते, हे मी एकदाही विचारलं नाही. दाराच्या फटीतून जिन्यातला वारा यायचा आणि कोण आलं, कोण गेलं ते कळायचं. आख्ख्या फ्लॅटमध्ये माणसाची चाहूल लागणारी तेवढी एकच जागा मी ठेवली होती, तीही चुकून.

एका दुपारी ती न्हाणीत पडली. ओल्या, गुळगुळीत टाइलवर पाय सरकला. काचेच्या दाराला धरायला काही नव्हतं. मी तेव्हा बाणेरला साइटवर होते. संध्याकाळी कुलूप उघडलं तेव्हा ती तिथंच होती, एका कुशीवर, लुगडं नीट अंगावर ओढून घेतलेलं. तीन तास.

"माय, हाका कावून न्हाई मारल्या? शेजारी लोक आहेत की!" मी रडत ओरडले.

ती म्हणाली, "कुणाला हाक मारू, मनी? कुणाचं नाव ठावं न्हाई मला."

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी विचारलं, कशा पडल्या? मी सांगितलं, पाय घसरला. त्या टाइल्स मी सहा दुकानं फिरून निवडल्या होत्या, हे मी सांगितलं नाही. कुणालाच नाही. भागवतलाही नाही. भागवत, आज सांगते आहे.

दवाखान्यातून सोडलं त्या दिवशी माय म्हणाली, "आता मला गावाला ने." मी नेलं.

उमापूरचं आमचं घर म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या. तिच्या वॉकरला दार पुरेना. उन्हाळा तोंडावर, दुपारी पत्र्याखाली बसवत नव्हतं. घराच्या मागं, मेंढरांच्या कुंपणाला लागून थोडी जागा होती. मी ऑफिसात रजा टाकली आणि ठरवलं, हिला एक खोली बांधून द्यायची. गेवराईहून रशीद मिस्त्री आले. साठीचे, पांढरी दाढी, त्यांच्या वडिलांनीही आमच्या गावात कामं केलेली. मी त्यांना लॅपटॉपवर नकाशा दाखवला. दार रुंद, फरशी खरबरीत, खिडकी मोठी. मायला दाखवला तर ती म्हणाली, "चांगलं हाय." मिस्त्री मात्र बराच वेळ बघत राहिले.

"नक्शा लई अच्छा हाय, बेटी," ते म्हणाले, "पण ह्यात तुझी माय कुठं बसते?"

मी खिडकीवर बोट ठेवलं. ते म्हणाले, "ही खिडकी उभ्या माणसाची हाय. तुझी माय तर बसलेली हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लॅपटॉप बंद करून ठेवला आणि मायजवळ जाऊन बसले. "माय, तुला खोलीत काय काय पाहिजे?"

ती गोंधळली.  "मला कुणी कधी इचारलंच न्हाई. आता काय सांगू?"

तेव्हा मला कळलं की विचारूनही उत्तर मिळत नसतं. मग मी दोन दिवस नुसती तिच्याबरोबर राहिले, टेप घेऊन. बसल्यावर तिचे डोळे जमिनीपासून किती उंच येतात ते मोजलं. उठताना ती डावा तळवा कुठं टेकते, उजवा हात कशाला धरायला बघतो, ते भिंतीवर खडूनं आखलं. तांब्यासाठी हात कुठपर्यंत पोचतो. पडल्या पडल्या मान कुठल्या बाजूला वळते. मान कायम कुंपणाकडं वळायची. संध्याकाळ झाली की ती म्हणायची, "ती लंगडी आली का रं, भागवत?" मेंढरांतली एक लंगडी मेंढी होती, तिची तिला काळजी.

खिडकी आम्ही जमिनीपासून सव्वा फुटावर घेतली, कुंपणाच्या बाजूला. पडून दिसेल, बसूनही दिसेल. दुसरी तशीच रस्त्याच्या बाजूला. भिंतीला लिंबाच्या लाकडाचे दांडे, मिस्त्रींनी हातानं घासून गोल केलेले, जिथं जिथं खडूची खूण होती तिथं. खाली खरबरीत शहाबादी फरशी, पडक्या गोठ्यातली, पुन्हा वापरलेली. आणि छताला लोकर.

लोकरीचं भागवतनंच सुचवलं, तेही बोलता बोलता. पूर्वी आमची लोकर घोंगड्यांना जायची. आता कुणी घेत नाही. कातरली की तो बांधावर टाकून द्यायचा. मी म्हटलं, उबेला चालते तर उन्हालाही चालेल. पत्र्याखाली बांबूच्या विणलेल्या तट्ट्या लावायच्या आणि दोन्हींच्या मध्ये धुतलेली, वाळवलेली, पिंजलेली लोकर भरायची, कसर लागू नये म्हणून लिंबाचा वाळला पाला घालून. धुणं-वाळवणं सुरेखानं आणि मी केलं. पिंजायचं काम मायनं मागून घेतलं. 'गावाला ने' सोडलं तर तेवढी एकच गोष्ट तिनं माझ्याजवळ आयुष्यात मागितली असेल. "ते मला द्या. हातानं होतंय मला."

भिंती उभ्या होत्या, छत नव्हतं. सकाळच्या सावलीत आम्ही तिघी त्या बिनछताच्या खोलीत बसायचो. माय लोकरीचा एकेक पुंजका घेऊन बोटांनी मोकळा करायची, त्यातलं गोखरू, काडी-कचरा वेचायची. बोलायची. अण्णांशी लग्न झालं तेव्हा तिला कुत्र्यांची कशी भीती वाटायची. मी वाटेवरच झाले होते, एका हिरीच्या कडेला, आणि त्या शेताच्या मालकिणीनं स्वतःची साडी फाडून दिली होती. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. सुरेखाला सगळं माहीत होतं. माझ्या आईच्या गोष्टी माझ्या भावजयीला पाठ होत्या, आणि मी ऐकताना पाहुण्यासारखी "हो का?" म्हणत होते.

लोकर मात्र संपत नव्हती. रशीद मिस्त्री रोज येऊन विचारायचे, "माताजी, झाली का?" माय म्हणायची, "होतंय, होतंय. चांगली व्हाया नको का?" मी घड्याळ बघायची. रजा एकदा वाढवली होती. मी सुरेखाला म्हणाले, तू पण बस पिंजायला. शेवटी गावातल्या दोन बायका लावल्या आणि दोन दिवसांत ढीग संपवला. पत्रे चढले.

खोली छान झाली. भर दुपारी बाहेरून आत गेलं की गार वाटायचं. मायनं दांड्याला धरून स्वतः उठून दाखवलं, मिस्त्रींनी डोळे पुसले. मी फोटो काढत होते. खिडकीतून कुंपणाकडं बघत माय म्हणाली, "खोली झाली. आता तू जाशील."

"येत जाईन की, माय. दर महिन्याला."

ती दांडा धरून पुन्हा खाली बसली.

मी आले नाही. एकदा आले, दोन दिवसांसाठी. त्या खोलीचे फोटो लोकांनी एकमेकांना पाठवले, मला बोलायला बोलावलं. 'माणूस केंद्रस्थानी ठेवणारी रचना', 'टाकाऊ लोकरीचा पर्यावरणपूरक वापर', असं काय काय माझ्याबद्दल लिहून आलं. नोकरी सोडून मी स्वतःचं काम सुरू केलं. एक वृद्धाश्रम, एक अंगणवाडी, एका आजारी बाईंचं घर. प्रत्येक ठिकाणी मी टेप घेऊन दोन-दोन दिवस जमिनीवर बसायची, लोकांना मापायची, आणि लोकांना त्याचं कौतुक वाटायचं. ते काम खरं होतं, मी त्याला खोटं म्हणणार नाही. पण मायच्या खोलीनं मला कामं दिली आणि त्या कामांनी मला त्या खोलीपासून लांब ठेवलं. दिवाळीला वृद्धाश्रमाचं उद्घाटन होतं. मी मायला फोनवर म्हटलं, "संक्रांतीला येते." ती म्हणाली, "ये. काम बघून ये."

संक्रांतीच्या आधी आठ दिवस ती गेली. सकाळी, सुरेखाच्या हातून चहा घेतल्यावर. मेंढरं कुंपणातून बाहेर पडत होती आणि ती खिडकीतून बघत होती, असं सुरेखानं सांगितलं. मी पोचले तेव्हा तिला अंगणात आणून ठेवलं होतं. पाय किती लहान दिसत होते.

दहावा झाल्यावर आम्ही दोघी तिचं सामान आवरायला खोलीत गेलो. फारसं काही नव्हतंच. सुरेखा लुगड्यांच्या घड्या घालत होती. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, "खोली तरी तिच्या मनासारखी झाली."

सुरेखानं हातातलं लुगडं खाली ठेवलं. मग हळूच म्हणाली, "आक्का, तुमाला राग येणार नसंल तर सांगते. आत्या ती लोकर मुद्दाम हळूहळू पिंजायच्या. मी भरभर कराया लागले तर माझ्या हातातून काढून घ्यायच्या. मला म्हणायच्या, 'तुला कावून एवढी घाई? संपलं की ती जाईल.'"

मी खाली बसले. तिथंच, फरशीवर.

"मला का न्हाई सांगितलंस?"

"आत्यांनी शपथ घातलती," सुरेखा म्हणाली. "म्हणल्या, तिचं काम मोठं हाय, तिला आडवू नको."

मी तिचे डोळे मोजले होते, हात मोजले होते, उठता-बसता ती कुठं टेकते ते भिंतीवर आखलं होतं. आणि ती समोर बसून, एकेक पुंजका मोकळा करत, तिला काय पाहिजे ते रोज सांगत होती. मी गावातल्या दोन बायका लावून ते दोन दिवसांत संपवलं.

त्याला आता दोन वर्षं होतील. धायरीच्या घरातल्या टाइल्स मी काढून टाकल्या. त्यानं काही होत नाही, माहीत आहे, पण काढल्या. कामं चालू आहेत. नव्या मुली शिकायला येतात, मी त्यांना सांगते, माणसाला काय हवं ते विचारा, आणि उत्तर मिळालं नाही तर थांबा. थांबणं म्हणजे किती थांबणं, हे मी त्यांना सांगू शकत नाही.

मायच्या खोलीत या वर्षी कापूस भरला होता. मी गेले तेव्हा भागवत ओशाळला. "आक्का, अवकाळीचा भरवसा न्हाई, भिजला असता." मी म्हटलं, राहू दे. सुरेखाची लेक त्या ढिगावर पालथी पडून खिडकीतून मेंढरं बघत होती. मला वाईट वाटायला हवं होतं, वाटलंही. पण ती खोली माझं घर आहे असं मला तसंही कधी वाटलं नव्हतं. घर म्हणून मला आठवतात ते छत नसलेले दिवस, भिंतींच्या आत वरून ऊन सरकत यायचं आणि आम्ही तिघी सावलीबरोबर सरकत जायचो, ते. तिथं परत जायला रस्ता नाही. उमापूरला जायला आहे, म्हणून मी उमापूरला जाते.

तिथं आता मी काही दुरुस्त करत नाही. टेप आणत नाही. सुरेखाबरोबर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसते, ती मायच्या गोष्टी सांगते, कधी कधी तीच गोष्ट पुन्हा. या खेपेला पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, "आक्का, किती दिस ऱ्हानार?"

पूर्वी मी तारीख सांगायची, बसची वेळही सांगायची. सुरेखा त्याप्रमाणे शिदोरी करायची.

"न्हाई ठरवलं अजून," मी म्हटलं, आणि सुपातल्या शेंगा पुढ्यात ओढल्या.